चिन्ह मिळेपर्यंत

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या तिसाव्या कलमात एक छोटी तरतूद आहे. उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान १४ दिवसांचे अंतर हवे. १९९६ पूर्वी हे अंतर किमान २० दिवसांचे होते. वरवर पाहता हा वेळापत्रकातला किरकोळ बदल आहे. पण चिन्हवाटप होते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावरच. ज्याचे चिन्ह वर्षानुवर्षे भिंतींवर रंगलेले आहे त्याला या तारखेने काही फरक पडत नाही. नवख्या पक्षाचा उमेदवार मात्र त्या संध्याकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून बाहेर पडतो, तेव्हा आपल्याला कपबशी मिळाली की शिट्टी की बॅट, हे त्याला पहिल्यांदा पक्के कळते. मग पत्रके छापायची, फलक लावायचे, गाडीवर भोंगा चढवायचा. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी १९ लाखांच्या आसपास मतदार असतात आणि मतदानाच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. म्हणजे हाती उरतात जेमतेम १२ दिवस. एवढ्यात आपले चित्र १९ लाख माणसांच्या मनात उतरवायचे.

हे पुस्तक या १२ दिवसांविषयी आहे, आणि त्यांच्या आधीच्या अनेक वर्षांविषयी. भारतात निवडणूक लढवणे सोपे आहे, असे आपण सहज म्हणतो. पंचवीस वर्षे पूर्ण असावीत, नाव मतदारयादीत असावे, अनामत रक्कम भरावी, दहा सूचक आणावेत, झाले. मतपत्रिकेवर नाव येते. हे खरेच आहे. पण नाव येणे वेगळे आणि मतदाराला ते शोधता येणे वेगळे. आपल्याकडे लहान पक्षांची अडवणूक मतपत्रिकेच्या दारात होत नाही. ती आत शिरल्यावर होते, आणि म्हणूनच ती डोळ्यांवर येत नाही. या संग्रहातले सगळे लेखक सगळ्या बाबतींत एकमताचे नाहीत, पण एवढ्या एका निरीक्षणावर त्यांचे एकमत आहे.

विषयाची सुरुवात स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीपासून करावी लागते. १९५१-५२ मध्ये मतदारांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: ज्याला नाव वाचता येत नाही, त्याने आपला माणूस कसा ओळखायचा? उत्तर म्हणून प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी देण्यात आली आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने कागद फक्त पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी. ही पद्धत १९५७ मध्येही राहिली. नंतर एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची रीत आली, पण चिन्ह गेले नाही. चिन्ह हे मतदारासाठी केलेली सोय होती, कोणाची मालमत्ता नव्हती. ही मूळ गोष्ट पुढच्या सत्तर वर्षांत हळूहळू मागे पडली, असे माझे मत आहे.

पहिल्या निवडणुकीत ५३ पक्ष होते आणि त्यांतल्या १४ पक्षांना राष्ट्रीय मानले गेले होते. निकालानंतर राष्ट्रीय म्हणून चारच उरले: काँग्रेस, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघ. मतांच्या प्रमाणावर मान्यता, आणि मान्यतेवर राखीव चिन्ह, हा क्रम तेव्हापासूनचा. १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशाने त्याला आजचे रूप दिले. हा आदेश संसदेने केलेला कायदा नाही. राज्यघटनेच्या ३२४व्या कलमाखालच्या अधिकारांच्या आधारे आयोगाने तो काढला. पक्षाची नोंदणी कायद्यात आली त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९८९ मध्ये लागू झालेल्या २९-अ या कलमाने. आज देशात पक्षांचे तीन थर आहेत: राष्ट्रीय पक्ष, राज्य पक्ष, आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष. चौथा थर अपक्षांचा. पुस्तकाचा रोख मुख्यतः तिसऱ्या थरावर आहे.

या थराला काय मिळत नाही, ते एकदा सलग पाहायला हवे, कारण सुटे सुटे पाहिले की प्रत्येक गोष्ट क्षुल्लक वाटते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. सह्यांत किंवा मतदारयादीच्या क्रमांकात गफलत झाली की छाननीत अर्ज जातो, आणि जिथे दहा सह्या आहेत तिथे गफलतीची शक्यता एका सहीपेक्षा अर्थातच जास्त. मतदारयादीची मोफत प्रत मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मिळते. आकाशवाणी आणि दूरदर्शनवरचा मोफत वेळ त्यांनाच. ज्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही असे तारांकित प्रचारक मान्यताप्राप्त पक्षाला ४०, इतरांना २०. मतदारयाद्यांच्या कामात लक्ष घालणारे मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही मान्यताप्राप्तांचाच. मतपत्रिकेवरचा क्रमही वेगळा आहे. १९९६ पासून आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी बाकीचे. वर्णानुक्रम आपापल्या गटातल्या गटात. मतदानापूर्वी उमेदवाराचा मृत्यू झाला तर मतदान पुढे ढकलले जाते, पण तेही मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तरच. निवडणूक रोखे होते तेव्हा ते स्वीकारण्यासाठी आदल्या लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत किमान १ टक्का मतांची अट होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच रद्द केली, तोवर लहान पक्ष त्या वाटेच्या बाहेरच राहिले.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अर्थातच राखीव चिन्ह. मान्यता नसलेल्या पक्षाला आपल्या सर्व उमेदवारांसाठी एक सामाईक चिन्ह मागता येते; लोकसभेच्या किमान दोन जागा किंवा विधानसभेच्या किमान पाच टक्के जागा लढवण्याची तयारी असली की पुरते. ही सवलत महत्त्वाची आहे आणि तिचे श्रेय आयोगाला द्यायलाच हवे. पण ती त्या निवडणुकीपुरती असते. पुढच्या वेळी तेच चिन्ह मिळेल याची हमी नाही. तमिळनाडूतल्या नाम तमिळर कच्चीने ऊस घेतलेल्या शेतकऱ्याचे चिन्ह गावोगाव पोहोचवले होते. २०२४ मध्ये आधी अर्ज केलेल्या दुसऱ्या एका पक्षाला ते गेले आणि नाम तमिळरच्या हाती माइक आला. नाम तमिळरने माइकवर ८ टक्क्यांहून अधिक मते मिळवून मान्यता मिळवली, हे खरे. पण एवढ्या धक्क्यातून सावरण्याइतके मनुष्यबळ प्रत्येक लहान पक्षाकडे नसते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. शिवसेना १९६६ मध्ये स्थापन झाली आणि धनुष्यबाण तिच्या नावावर राखीव झाला १९८९ मध्ये. मधल्या काळात तिचे उमेदवार ढाल-तलवार, रेल्वे इंजिन, मशाल अशा हाती येईल त्या चिन्हावर लढले. शाखांचे जाळे होते म्हणून ते निभले. वंचित बहुजन आघाडीचा अनुभव अधिक बोलका आहे. २०१९ च्या लोकसभेत या नव्याने नोंदलेल्या पक्षाने राज्यात ७ टक्क्यांच्या आसपास मते घेतली, म्हणजे ३५ लाखांहून अधिक. जागा एकही नाही. नियम सांगतो: ६ टक्के मते आणि लोकसभेची एक जागा, किंवा जागा नसेल तर ८ टक्के मते. त्यामुळे ३५ लाखांहून अधिक मते मिळूनही मान्यता नाही. लोकसभेला बहुतेक ठिकाणी कपबशीवर मते मागितलेल्या या पक्षाला त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. वंचितच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो. ती लाखो मते ज्यांनी दिली त्यांना सुमारे सहा महिन्यांत वेगळे चित्र शोधायला लावणे, हा त्या मतदारांवरचा भार आहे. मी या विषयाकडे नेहमी त्या बाजूने पाहतो.

२०२४ मध्ये साताऱ्याने या प्रश्नाचा आणखी एक पैलू दाखवला. घड्याळ हे चिन्ह गमावलेल्या राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले होते. मुक्त चिन्हांच्या यादीतल्या ट्रम्पेटचे मराठी नावही 'तुतारी' असेच छापलेले होते. साताऱ्यात हा पक्ष ३३ हजारांहून कमी मतांनी हरला आणि ट्रम्पेट मिळालेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. ती सगळी मते चुकून पडली असे कोणी म्हणू नये. पण ज्या चिन्हाने निरक्षर मतदाराची सोय व्हायची, त्यानेच साक्षर मतदाराचाही गोंधळ व्हावा, इतकी ही यादी निष्काळजीपणे केलेली असू शकते, हे त्या निकालाने सिद्ध केले.

दुसरी बाजू हलकी नाही, आणि पुस्तकाने ती हलकी केलेली नाही. १९९६ ची निवडणूक आठवावी. नलगोंड्यात पाण्यातल्या फ्लोराइडच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी उमेदवारांची संख्या ४८० वर नेली गेली. बेळगावात सीमाप्रश्नासाठी मराठी भाषकांनी तेच केले आणि उमेदवार झाले ४५६. तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांच्या आंदोलनातून १,०३३ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचे पुस्तक झाले. लोकसभेसाठी देशभरात १३,९५२ उमेदवार होते. त्यानंतर कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १० हजार झाली, दहा सूचकांची अट आली, २० दिवसांचे १४ झाले. १९९८ मध्ये उमेदवार उरले ४,७५०. अपक्षांची संख्या १०,६३६ वरून १,९१५ वर आली. २०१० पासून लोकसभेची अनामत २५ हजार आणि विधानसभेची १० हजार आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी.

प्रशासनाच्या नजरेतून हा बदल यशस्वी ठरला. पण त्या गर्दीत नेमके कोण होते, याचा विचार तेव्हा फारसा झाला नाही. नलगोंड्याचे आणि बेळगावचे लोक निवडून येण्यासाठी उभे नव्हतेच; त्यांचे म्हणणे ऐकणारा दुसरा दरवाजा त्यांना सापडला नव्हता. त्यांच्यावर उपाय म्हणून केलेल्या तरतुदी चिकाटीने पक्ष बांधू पाहणाऱ्यांनाही लागू झाल्या. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात, म्हणजे साडेसोळा टक्क्यांच्या वर. ब्रिटनमध्ये ही अट साडेबारा टक्के होती. १९८५ मध्ये तिथे अनामत १५० वरून ५०० पौंड केली, पण त्याचबरोबर अट ५ टक्क्यांवर आणली. म्हणजे गंभीर नसलेल्या उमेदवाराला आवर आणि गंभीर पण लहान असलेल्याला सूट, अशी दोन्हीकडची काळजी घेतली. आपण रक्कम वाढवली आणि अट तशीच ठेवली.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे. नोंदणी झाली की पक्षाला आयकरात सूट मिळते, आणि कधीच निवडणूक न लढवणारे पक्ष देणग्यांचा मार्ग म्हणून वापरले जातात, ही शंका निराधार नाही. २०२५ मध्ये आयोगाने २०१९ पासून एकही निवडणूक न लढवलेल्या पक्षांची नावे यादीतून काढली: ऑगस्टमध्ये ३३४, सप्टेंबरमध्ये ४७४. कागदी पक्ष गेले तर वाईट वाटण्याचे कारण नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले होते की, फसवणुकीने मिळवलेल्या नोंदणीसारखे मोजके अपवाद सोडले तर नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेला नाही. म्हणून हा प्रश्न संसदेने स्पष्ट कायदा करून, अपिलाची सोय ठेवून सोडवायला हवा होता. नियम चांगल्या हेतूने वाकवला तरी तो उद्या कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही.

या विषयावर आजवर झालेल्या विचाराचे काही स्पष्ट प्रवाह आहेत. पहिला प्रवाह स्थैर्याची चिंता करणाऱ्यांचा. १९९० ची दिनेश गोस्वामी समिती आणि विधी आयोगाचा १९९९ चा १७०वा अहवाल ही त्याची महत्त्वाची ठिकाणे. १७०व्या अहवालाने अपक्षांना बंदी आणि ५ टक्क्यांच्या आतल्या पक्षांना जागा नाही, इथपर्यंत मजल मारली. अपक्षांना बंदी घालण्याची शिफारस २०१५ च्या २५५व्या अहवालातही आहे. दुसरा प्रवाह हक्कांच्या भाषेत बोलतो, आणि त्याचे सर्वांत समर्थ विधान एका अल्पमताच्या निकालपत्रात सापडते. २००६ मध्ये तमिळनाडूत विजयकांत यांच्या देसिय मुरपोक्कु द्रविड कळघम या नव्या पक्षाने जवळजवळ सर्व जागा लढवून ८ टक्क्यांहून अधिक मते घेतली. जागा मिळाली एक. तेव्हाच्या नियमात ६ टक्क्यांसोबत दोन जागा हव्या होत्या. मान्यता नाकारली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये दोघा न्यायमूर्तींनी आयोगाचा नियम वैध ठरवला. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी भिन्न मत नोंदवून, चिन्हाच्या बाबतीतला हा भेद समतेच्या तत्त्वाला धरून नाही असे म्हटले. या पुस्तकातल्या अनेक लेखांचा धागा त्या भिन्नमतापासून सुरू होतो.

तिसरा प्रवाह कायद्यापेक्षा समाजाकडे पाहतो. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि त्यानंतर रिपब्लिकन पक्ष आला. फेडरेशनचा हत्ती कालांतराने कांशीराम यांच्या बहुजन समाज पक्षाकडे गेला. मोठ्या पक्षांत ज्यांना उमेदवारी मिळत नव्हती आणि मिळाली तर आवाज मिळत नव्हता, त्यांनी आधी लहान पक्ष काढले. मोठे पक्ष त्यांचे मुद्दे नंतर शिकले. म्हणून लहान पक्षाची किंमत त्याच्या जागांवरून करता येत नाही, असे या प्रवाहाचे म्हणणे. चौथा प्रवाह फ्रेंच अभ्यासक मोरिस दुव्हेर्जे यांच्या १९५१ च्या ग्रंथापासून चालत आलेला: एका जागेला एक विजेता ही पद्धतच लहानांना चिरडते, बाकीचे नियम त्यापुढे किरकोळ. हे मला अर्धेच पटते. भारतात तीच पद्धत असूनही राज्याराज्यांत पक्ष उगवत राहिले. पद्धतीची भिंत उंच आहे हे मान्य, पण तिच्या पायथ्याशी आणखी कुंपणे घालायची की नाही हा वेगळा प्रश्न आहे.

तुलनेसाठी अमेरिकेवरचा एक लेख घेतला आहे, कारण तिथे अडवणूक नेमकी उलट जागी आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे पक्षच आपापल्या मतपत्रिका छापून वाटत. १८८८ पासून एकामागून एक राज्यांनी सरकारी, गुप्त मतपत्रिका आणली. मतदार धाकातून सुटला, पण मतपत्रिकेवर कोण असेल हे ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे, म्हणजे दोन मोठ्या पक्षांकडे गेला. १९६८ मध्ये ओहायोत नव्या पक्षाला मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या १५ टक्के सह्या लागत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. तीनच वर्षांनी जॉर्जियाची ५ टक्के सह्यांची अट मात्र त्याच न्यायालयाने मान्य केली, आणि अमेरिकी प्रतिनिधीगृहासाठी ती अट पुढे अनेक दशके लहान पक्षांना ओलांडता आली नाही. न्यूयॉर्कने २०२० मध्ये सह्यांची अट १५ हजारांवरून ४५ हजारांवर नेली. तिथल्या लहान पक्षांची अर्धी ताकद सह्या गोळा करण्यात आणि उरलेली न्यायालयात जाते. आपल्याकडे दार उघडे आहे आणि आत अंधार आहे. तिथे दारच बंद. दोन्हींकडे मतदारासमोरची निवड आकसते.

हे आत्ताच का, असे विचारले जाईल. एक कारण महाराष्ट्रातच आहे. लहान पक्ष वाढतात ते ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका यांच्या पायरीवर. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक राहिला. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांचेही तसेच झाले. नगरसेवक म्हणून काम दाखवून पक्ष उभा करण्याची एक सबंध फेरी वाया गेली. मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभागांमुळे प्रभाग मोठे झाले. जो उमेदवार दोन-तीन वस्त्यांच्या ओळखीवर निवडून आला असता, त्याला आता त्याच्या कित्येक पट मतदारांपर्यंत पोहोचायचे असते. याची चर्चा आपल्याकडे फक्त कोणत्या मोठ्या पक्षाला फायदा, एवढ्याच अंगाने झाली.

पुस्तकाची मर्यादा सांगायला हवी. युती-आघाड्यांत लहान पक्षांची होणारी ओढाताण, पक्षांतर, माध्यमांतला पैसा हे विषय इथे ओझरते आले आहेत. भर आहे तो नियमांवर, कारण नियम बदलता येतात. लेखांमधून वर आलेल्या सूचनाही त्यामुळे माफक आहेत. अनामत वाचवण्याची अट ५ टक्क्यांवर आणावी. सूचकांची संख्या सगळ्यांना सारखी करावी. मुक्त चिन्हांच्या यादीतून राखीव चिन्हांशी रूपाने किंवा नावाने जुळणारी चिन्हे निवडणुकीआधीच वगळावीत. आणि लोकसभेत किंवा विधानसभेत ३ टक्के मते घेणाऱ्या पक्षाला, मान्यता नसली तरी, त्याचे सामाईक चिन्ह पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याच्याकडे ठेवू द्यावे.

पहिल्या दोन सूचनांसाठी संसदेला कायदा बदलावा लागेल. शेवटच्या दोन्ही मात्र आयोगाच्या स्वतःच्या आदेशाच्या कक्षेतल्या आहेत. विजयकांत यांच्या पक्षाचे प्रकरण न्यायालयात असतानाच, २०११ मध्ये, आयोगाने त्या आदेशात ८ टक्के मतांचा निकष घातला होता. त्याच निकषामुळे २०२२ मध्ये गोव्यात रिव्होल्युशनरी गोवन्स पार्टीला ४० पैकी एकच जागा मिळूनही, ९ टक्क्यांवर मतांच्या आधारे राज्य पक्षाची मान्यता आणि फुटबॉल हे चिन्ह मिळाले.